युद्धातले टेहळणी फुगे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमान येण्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून सैन्यं फुग्यात माणूस बसवून शत्रूवर नजर ठेवायचा प्रयत्न करत होती. याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धावर (१८६१–६५) येतात. ते रास्तही आहे, कारण तिथली कागदपत्रं भरपूर आहेत आणि भानगडीही भरपूर. म्हणून इथेही जास्त जागा त्या युद्धालाच दिली आहे.

फुग्यातून नेमकं दिसायचं काय?

तंबू, चुलींचा धूर, रस्त्यावरून चालणाऱ्या पलटणीची धूळ, नव्याने उकरलेली माती, तोफांचे मोर्चे, आगगाडीच्या फेऱ्या. सुट्टा माणूस लांबून दिसत नाही आणि दिसण्याची गरजही नसते. तंबू किती आणि रात्री शेकोट्या किती, यावरून माणसं किती याचा अंदाज बांधता येतो. काल जिथे धूर होता तिथे आज नसेल, तर फौज हललेली आहे.

स्वच्छ हवेत ३०० मीटर उंचीवरून क्षितिज साधारण ६० किलोमीटरवर जातं. पण क्षितिज दिसणं वेगळं आणि कामाचं काही दिसणं वेगळं. चांगली दुर्बीण असली तरी उपयोगी माहिती जवळच्या काही किलोमीटरांतलीच. त्यात या युद्धातल्या बऱ्याच लढाया झाल्या ते व्हर्जिनिया राज्य म्हणजे रानच रान. उन्हाळ्यात झाडांना पालवी फुटली की अख्खी तुकडी खालून निघून गेली तरी वरच्याला पत्ता लागत नसे.

हे आधी कोणी केलं?

फ्रान्सने. क्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये तिथे फुग्यांचं स्वतंत्र पथक उभं राहिलं आणि झां-मारी कुतेल त्याचे प्रमुख झाले. २६ जून १७९४ ला फ्लरसच्या लढाईत त्यांचा ‘लांत्रप्रनां’ नावाचा फुगा दिवसभर ऑस्ट्रियन फौजेच्या डोक्यावर तरंगत होता. वरून चिठ्ठ्या लिहून, त्यांना वजन बांधून खाली सोडल्या जात.

मला यात लढाईपेक्षा तिच्या आधीचा भाग जास्त रंजक वाटतो. गंधकाम्ल वापरून हायड्रोजन करता आला असता, पण गंधक तोफेच्या दारूसाठी हवा होता. मग तापून लाल झालेल्या लोखंडावरून वाफ सोडून वायू काढायचा, असं ठरलं. त्यासाठी विटांची भट्टी बांधावी लागे आणि फुगा भरायला दीड-दोन दिवस जात. प्रत्येक मुक्कामी भट्टी कोण बांधणार? म्हणून मोब्यूजहून शार्लरुआला जाताना भरलेला फुगा तसाच, दोर धरून, माणसांनी चालवत नेला.

मग नेपोलियनने तो पुढे का वापरला नाही?

इजिप्तच्या मोहिमेवर पथक नेलं होतं. पण १७९८ मध्ये अबूकीरच्या उपसागरात नेल्सनने फ्रेंच आरमार बुडवलं, त्यात फुग्यांचं सामानही गेलं. १७९९ मध्ये पथकच मोडीत निघालं.

थॅडियस लो कोण होते?

न्यू हॅम्पशायरचे. जन्म १८३२ चा, शाळा बेताची, पण विज्ञानाचे खेळ करून दाखवण्यात तरबेज. लोक त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत. फुग्यातून अटलांटिक ओलांडायचं वेड त्यांच्या डोक्यात होतं. त्याच तयारीसाठी २० एप्रिल १८६१ ला ते सिनसिनाटीहून उडाले आणि वाऱ्याने त्यांना थेट दक्षिण कॅरोलिनात नेऊन टाकलं. आठवडाभरापूर्वीच त्या राज्यात युद्धाची पहिली तोफ डागली गेली होती. आकाशातून उतरलेला उत्तरेचा माणूस म्हटल्यावर हेर समजून पकडला जाणारच. कशीबशी सुटका झाली. परत आल्यावर त्यांनी अटलांटिकचा नाद सोडला आणि सरकारचे उंबरे झिजवायला सुरुवात केली.

उमेदवार ते एकटे नव्हते. जॉन वाइज, जॉन लामाउंटन, जेम्स आणि एझ्रा ॲलन हे भाऊ, सगळेच अनुभवी फुगेवाले. त्यांचं आपसात अजिबात पटत नसे. वाइज यांचा फुगा जुलै १८६१ मध्ये बुल रनच्या लढाईसाठी नेताना घाईघाईत झाडात अडकून फाटला. लामाउंटन यांनी मात्र ऑगस्टमध्ये ‘फॅनी’ या जहाजावरून फुगा चढवून दाखवला.

लिंकनना आकाशातून तार गेली होती, हे खरं का?

खरं. जून १८६१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लो यांनी तारयंत्र आणि तारबाबू सोबत घेऊन सुमारे ५०० फुटांवर फुगा नेला आणि खाली सोडलेल्या वायरीवरून राष्ट्राध्यक्षांना संदेश पाठवला. सुमारे ५० मैल व्यासाचा मुलूख दिसतो आहे आणि छावण्यांनी वेढलेलं शहर देखणं दिसतं आहे, असा त्याचा मजकूर होता. हिशोब करून पाहिला तर ५०० फुटांवरून क्षितिज चहूबाजूंना २७ मैलांच्या आसपास येतं, म्हणजे आकडा फुगवलेला नाही.

स्मिथसोनियन संस्थेचे जोसेफ हेन्री यांनी लो यांची शिफारस केली होती. तरीही सरसेनापती विनफिल्ड स्कॉट दाद देईनात. लो यांच्याच सांगण्यानुसार, शेवटी लिंकन स्वतः त्यांना घेऊन स्कॉट यांच्या कचेरीत गेले, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली आणि लो यांचं फुग्यांचं पथक उभं राहिलं.

रणांगणावर हायड्रोजन आणायचे कुठून?

सुरुवातीला आणतच नव्हते. शहरातल्या दिव्यांच्या गॅसवर फुगा भरायचा आणि भरलेला फुगा ओढत छावणीपर्यंत न्यायचा. एक तर त्या गॅसची उचलण्याची ताकद हायड्रोजनच्या जवळजवळ निम्मी. त्यात वाटेत झाड, पूल, वाऱ्याची झुळूक, काहीही आडवं आलं की सगळं मुसळ केरात.

लो यांचं खरं कर्तृत्व मला इथे दिसतं. वॉशिंग्टनच्या नौदल गोदीत त्यांनी चाकांवरची वायुयंत्रं बांधून घेतली, एकूण १२. दिसायला साधी: घोडागाडीच्या सांगाड्यावर बसवलेली मोठी लाकडी टाकी, आतून आम्ल खाणार नाही असं अस्तर. टाकीत पाणी आणि लोखंडाचा कीस टाकायचा, वरून गंधकाम्ल ओतायचं. आत उकळी फुटल्यासारखं होतं आणि हायड्रोजन सुटू लागतो. हा वायू गरम आणि आम्लाच्या वाफांनी भरलेला असतो. तसाच फुग्यात सोडला तर रेशीम जळून जाईल. म्हणून रबरी नळीने तो आधी थंड पाण्याच्या पेटीतून, मग चुन्याच्या पेटीतून काढायचा आणि मग फुग्यात. दोन गाड्या जोडल्या की साधारण तीन तासांत फुगा उभा.

कापड रेशमाचं, दुहेरी शिवलेलं. त्यावर जवसाच्या तेलात मुरवलेल्या वार्निशचे थर. त्या वार्निशची कृती लो कोणाला सांगत नसत. भरलेला फुगा दोनेक आठवडे तग धरायचा. सात फुगे होते: इंट्रेपिड, युनियन, कॉन्स्टिट्यूशन, युनायटेड स्टेट्स, वॉशिंग्टन, ईगल आणि एक्सेलसियर. थोरल्या दोघांत, म्हणजे इंट्रेपिड आणि युनियनमध्ये, ३२,००० घनफूट वायू मावे. तेवढा हायड्रोजन कापड, जाळी, दोर, पाळणा आणि माणसं धरून सुमारे एक टन उचलतो.

पाण्यावरचीही सोय झाली. कोळशाची एक जुनी बार्ज घेऊन तिच्यावर सपाट डेक टाकला आणि ‘जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस’ हे लांबलचक नाव तसंच ठेवलं. नोव्हेंबर १८६१ मध्ये तिच्यावरून पोटोमॅक नदीत फुगा चढला.

फुगा मोकळा सोडायचे की बांधून?

लो सहसा बांधूनच. तीन-चार दोर, ते धरायला पंचवीस-तीस शिपाई, उंची साधारण १,००० फुटांपर्यंत. लामाउंटन मोकळं उडायला तयार असत. खालचा वारा शत्रूकडे वाहतो तेव्हा जायचं, वजन टाकून आणखी वर चढायचं आणि वरच्या उलट वाऱ्याने परत यायचं. ऐकायला झकास, पण असा उलटा वारा रोज मिळत नाही.

दोर तुटला की काय होतं, हे ११ एप्रिल १८६२ ला यॉर्कटाउनसमोर दिसलं. उत्तरेचे जनरल फिट्झ जॉन पोर्टर भल्या पहाटे एकटेच वर गेले आणि घाईत एकच दोर लावला होता. तो तुटला. फुगा सरळ शत्रूच्या खंदकांवर. जनरल घाबरले असतील नसतील, पण दुर्बीण काढून त्यांनी मोर्चे बघून घेतले. नशिबाने वारा फिरला, फुगा आपल्या बाजूला आला आणि पोर्टर यांनी झडप उघडल्यावर एका तंबूवर जाऊन कोसळला. त्यांना फारसं लागलं नाही. तिथल्या उत्तरेच्या फौजेचे सेनापती मॅकलेलन यांनी मग बायकोला पत्रात कळवून टाकलं की मी काही त्या फुग्यात बसणार नाही आणि दुसऱ्या जनरलांनाही बसू देणार नाही.

वर जाणाऱ्यांत पुढे नाव काढलेला जॉर्ज कस्टर हा तरुण अधिकारीही होता. घोड्यावर बेफाम म्हणून त्याची ख्याती, पण पहिल्या खेपेला पाळण्याच्या तळाशी बसूनच राहिला. त्याने ते स्वतःच लिहून ठेवलं आहे.

वर दिसलेलं खाली कसं पोचायचं?

तारयंत्र, निशाणं, चिठ्ठ्या, नाहीतर खाली उतरून तोंडी. तार सगळ्यात चांगली, पण यंत्र आणि तारबाबू यांचं वजन उचलायला मोठा फुगा लागे.

२४ सप्टेंबर १८६१ ला फोर्ट कोरकोरनजवळ लो वर गेले. फॉल्स चर्चकडच्या ज्या छावणीवर मारा करायचा होता ती गोलंदाजांना दिसतच नव्हती, मैलांवर होती. गोळा डावीकडे पडला, उजवीकडे पडला, पुढे गेला, अलीकडे राहिला, एवढं वरून कळवलं की खाली तोफेची नळी त्याप्रमाणे सरकवायची. पुढे तोफखान्याचा सगळा कारभारच या पद्धतीवर चालला. त्या दिवशी मात्र हा एक प्रयोग होता.

एवढा मोठा फुगा गोळी घालून पाडता येत नव्हता?

प्रयत्न कमी झाले नाहीत. दक्षिणेच्या गोलंदाजांनी तोफेचं शेपूट जमिनीत खड्डा करून उतरवलं, म्हणजे तोंड आणखी वर होईल. तरी हजार फुटांवरच्या लक्ष्याचा नेम त्या काळच्या मैदानी तोफेला जमत नसे. गोळा हवेत फुटायचा तर वातही अचूक हवी, तीही नव्हती. लो यांचा एकही फुगा शत्रूला पाडता आला नाही. धोका असे तो चढता-उतरताना, पहिल्या दोन-तीनशे फुटांत.

आणि हुकलेले गोळे कुठे पडत? खालच्या आपल्याच छावणीत. त्यामुळे फुगा शेजारी आलेला पलटणींना मुळीच आवडत नसे.

आपल्याच लोकांच्या गोळ्यांचा धोकाही होता. २४ जुलै १८६१ ला लो मोकळे उडून परत येत होते, तेव्हा उत्तरेच्याच शिपायांनी निशाण दाखव म्हणत बार काढले. निशाण जवळ नव्हतं. मग पुढे जाऊन शत्रूच्या बाजूला उतरावं लागलं आणि तिथून त्यांची सुटका करून आणावी लागली.

फेअर ओक्सची किटलीची गोष्ट काय आहे?

३१ मे १८६२. दक्षिणेची राजधानी रिचमंड काही मैलांवर, पावसाने चिकाहोमिनी नदी फुगलेली आणि उत्तरेची फौज नदीच्या दोन बाजूंना विभागलेली. कमजोर बाजूवर हल्ला होणार अशी चिन्हं. लो यांना तारयंत्रासह उंच जायचं होतं. हाताशी भरलेला होता तो लहानगा कॉन्स्टिट्यूशन, त्याला एवढं वजन पेलेना. मोठा इंट्रेपिड भरत होता, पण त्याला अजून तासभर हवा होता.

लहान फुग्यातला वायू मोठ्यात ओतायचा, तर दोन्हींच्या तोंडांना जोडणारा नळकांडा हवा. लो यांची नजर छावणीतल्या एका जेवणाच्या किटलीवर गेली. बूड कापून टाकलं, दोन्हीकडून कापडी तोंडं बांधली, झाला जोड. इंट्रेपिड भरला, लो वर गेले आणि शत्रूच्या हालचालींच्या तारा खाली येऊ लागल्या. नदीपलीकडून कुमक वेळेवर पोचली ती या खबरीमुळेच, असं लो आयुष्यभर सांगत राहिले. कुमकेला फुग्याची मदत झाली हे मान्य करायला हरकत नाही, पण लढाई एकट्या फुग्याने वाचवली हा दावा थोडा चढाच वाटतो. त्याच मुक्कामी फुगा भरत असतानाची छायाचित्रं मॅथ्यू ब्रेडी यांच्या नावाने प्रसिद्ध आहेत.

फुग्यातून फोटो काढले का?

फुग्याचे निघाले. फुग्यातून काढलेला एकही युद्धकाळातला अमेरिकी फोटो हाती नाही. तंत्र मात्र उपलब्ध होतं: नादार यांनी १८५८ मध्ये पॅरिसजवळ आणि जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी १८६० मध्ये बोस्टनवरून फोटो काढले होते. लष्कराचं काम हाताने काढलेल्या नकाशांवर भागलं.

दक्षिणेकडे फुगे नव्हते का? रेशमी साड्यांसारख्या झग्यांचा फुगा वगैरे ऐकलं आहे.

होते, पण हातातोंडाची गाठ घालत. पहिला यॉर्कटाउनला, एप्रिल १८६२ मध्ये, सुती कापडाचा आणि गरम हवेचा. हायड्रोजनची सोयच नव्हती. मुलुखाची माहिती असलेला माणूस पाहिजे म्हणून जॉन रँडॉल्फ ब्रायन नावाच्या तरुणाने नाव दिलं. एकदा वर जाऊन आल्यावर त्याने बदली मागितली. सेनापती जॉन्स्टन म्हणाले, तूच तर आमचा एकमेव अनुभवी उड्डाणकर्ता! पुढच्या एका रात्री दोरात एका शिपायाचा पाय अडकला, सोबत्याने त्याला वाचवायला कुऱ्हाडीने दोर तोडला आणि ब्रायन अंधारात निघाला. वाऱ्याने आपल्याच लोकांवर आणलं तर त्यांनी शत्रू समजून गोळ्या झाडल्या. तरी जिवंत उतरला.

दुसरा फुगा रेशमी. सव्हानात लँग्डन चीव्ह्झ यांनी दुकानांतून झग्यांचं कापड विकत घेऊन शिवला, म्हणून तो ठिगळाठिगळांचा, रंगीबेरंगी. दक्षिणेच्या बायकांनी अंगावरचे झगे दिले ही गोष्ट युद्धानंतर जनरल लाँगस्ट्रीट यांनी रंगवून सांगितली आणि तीच लोकांच्या तोंडी बसली. कापड झग्यांचं होतं, झगे नव्हते. हा फुगा रिचमंडच्या गॅस कारखान्यात भरून आगगाडीने नेत, पुढे ‘टीझर’ या बोटीला बांधला. ४ जुलै १८६२ ला जेम्स नदीत ती बोट फुग्यासकट उत्तरेच्या हाती लागली.

शेवटी या सगळ्याचा उपयोग किती झाला?

माझं मत: बघण्यापेक्षा दिसण्याचा उपयोग जास्त झाला. शत्रूचा फुगा वर आहे म्हटल्यावर दक्षिणेच्या फौजेला शेकोट्या विझवाव्या लागत, खोट्या पेटवाव्या लागत, लाकडाच्या ओंडक्यांना काळा रंग देऊन तोफा म्हणून मांडाव्या लागत, लांबच्या आडवाटांनी तुकड्या न्याव्या लागत. दक्षिणेचे तोफखान्याचे अधिकारी पोर्टर अलेक्झांडर, जे स्वतःही फुग्यात बसले होते, त्यांनी युद्धानंतर लिहिलं की वरच्याला काहीही दिसलं नसतं तरी आम्हाला झालेल्या त्रासापायीच फुग्यांचा खर्च वसूल झाला असता. उत्तरेने ते बंद का केले, हे त्यांना कधी उमगलं नाही.

चुकाही झाल्या. यॉर्कटाउनला महिनाभर फुगा वर होता, तरी समोरची फौज आहे त्यापेक्षा कितीतरी मोठी असल्याचं मॅकलेलन यांच्या मनातून गेलं नाही. ४ मे १८६२ च्या पहाटे मोर्चे रिकामे दिसले, तोवर शत्रू रातोरात निघून गेला होता.

मग पथक बंद का पडलं?

ते कोणाचं, हेच कधी ठरलं नाही. आधी नकाशे काढणाऱ्या अभियंत्यांकडे, मग रसद खात्याकडे, मग १८६३ मध्ये अभियंता दलाकडे. संदेश दलाला विचारलं तर त्यांनी माणसं नाहीत, पैसा नाही म्हणून हात वर केले. लो आणि त्यांचे सोबती मुलकी नोकरच राहिले. हुद्दा नाही, गणवेश नाही, शत्रूच्या हाती सापडले तर युद्धकैदी म्हणून नव्हे, हेर म्हणून फाशी जायची भीती. गाड्या ओढायला घोडे हवेत तर कोणाकडे तरी अर्ज करा, दोर धरायला शिपाई हवेत तर आणखी कोणाकडे तरी.

एप्रिल १८६३ मध्ये कॅप्टन सायरस कॉमस्टॉक वरिष्ठ म्हणून आले. त्यांनी लो यांचं रोजचं मानधन १० डॉलरवरून ६ डॉलरवर आणलं आणि खर्चाला कात्री लावली. मलेरियाने आधीच खंगलेले लो चान्सलर्सव्हिलच्या लढाईनंतर, मे महिन्यात, निघून गेले. ॲलन बंधूंनी थोडे दिवस रेटलं. जुलैत गेटिसबर्गच्या मोठ्या लढाईत फुगा नव्हता आणि ऑगस्टपर्यंत पथकही उरलं नाही.

पॅरिसच्या वेढ्यातले फुगे टेहळणीचे होते का?

मुख्यतः नाही. १८७०–७१ मध्ये प्रशियाच्या फौजांनी वेढलेल्या पॅरिसमधून साठाहून जास्त फुगे सुटले, ते टपाल, कबुतरं आणि माणसं बाहेर काढायला. मंत्री गांबेता ७ ऑक्टोबर १८७० ला असेच निसटले.

यादवी युद्धानंतर कोणी धडा घेतला?

ॲलन बंधू १८६७ मध्ये ब्राझीलच्या बाजूने पराग्वेच्या युद्धात फुगे घेऊन गेले. अमेरिकेत हे सगळं बघून गेलेले इंग्रज अधिकारी बोमाँट यांनी मायदेशी पाठपुरावा केला, पण ब्रिटिश सैन्याला हलायला बरीच वर्षं लागली. हलल्यावर मात्र त्यांनी दोन जुनी दुखणी सोडवली: बैलाच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्याचं हलकं कापड, ज्यातून वायू फारसा झिरपत नाही, आणि दाबून भरलेल्या हायड्रोजनच्या पोलादी नळ्या. आम्लाची गाडी गेली. १८९९ मध्ये बोअर युद्धात लेडीस्मिथला फुगा वर होता, पण वेढा पडल्यावर वायूचा साठा संपला.

अमेरिकेने १८९८ मध्ये क्यूबात पुन्हा एक फुगा काढला. सान हुआनच्या टेकडीकडे जाताना तो पायदळाच्या रांगेवरूनच पुढे नेला. टेकडीकडे जाणारी दुसरी वाट त्यातून सापडली, हे खरं. पण फुगा म्हणजे खाली फौज कुठे आहे याची खूणच. स्पॅनिश गोळ्यांचा पाऊस त्या रांगेवर पडला, फुगाही पडला आणि शिपायांनी शिव्यांची लाखोली वाहिली.

झेपेलिनचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे. पुढे आपल्या नावाची प्रचंड हवाई जहाजं बांधणारे जर्मन काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन १८६३ मध्ये हे युद्ध बघायला अमेरिकेत आले होते. १९ ऑगस्टला मिनेसोटातल्या सेंट पॉल इथे ते पहिल्यांदा फुग्यातून वर गेले. फुगा होता जॉन स्टायनर यांचा, जे लो यांच्या पथकात काम करून बाहेर पडले होते.

लो यांचं पुढे काय झालं?

सैन्याने हिरमोड केला तरी माणूस बसून राहणारा नव्हता. बर्फ बनवायची यंत्रं काढली. कोळसा आणि वाफेपासून गॅस करायची १८७० च्या दशकातली त्यांची पद्धत शहरांनी उचलली आणि त्यात त्यांना बक्कळ पैसा मिळाला. तो कॅलिफोर्नियात पासाडेनाजवळच्या डोंगरावर चढणाऱ्या रेल्वेत घातला. १८९३ मध्ये सुरू झालेली ही माउंट लो रेल्वे लोकांना फार आवडली, पण लो यांना ती डोईजड झाली आणि हातातून गेली. १९१३ मध्ये पासाडेनातच ते वारले. त्यांची नात फ्लोरेन्स, म्हणजे पुढे गाजलेली वैमानिक पँचो बार्न्स, तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती.